एडिट ब्लँक, एडिट ब्लँक

मागच्या रविवारी दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, एका परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरत होता. त्याला अजिबात दिसत नाही, पण एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून मेल, एक्सेल, ऑफिसचं सगळं काम करतो, आवाजाचा स्पीड एवढा की मला त्यातला एक शब्द कळत नाही. आणि हा माणूस त्या फॉर्मवर पाऊण तास अडकून बसलेला.

मी शेजारी खुर्ची ओढली, स्पीड कमी करायला लावला आणि ऐकत बसलो. टॅब दाबला की "एडिट ब्लँक", म्हणजे लिहायची रिकामी चौकट, पण कशाची ते नाही. परत टॅब, परत "एडिट ब्लँक". मला स्क्रीनवर आईचं नाव, पिनकोड, मोबाइल सगळं प्रत्येक चौकटीच्या डावीकडे दिसतंय, पण ते नुसतं शेजारी लिहिलंय, कोडमध्ये त्याचं चौकटीशी काही नातंच नाही. एचटीएमएल, म्हणजे वेबपेजच्या कोडमधल्या लेबलच्या "फॉर"मध्ये त्या चौकटीचा (इनपुटचा) आयडी टाकला असता तर "मोबाइल नंबर, एडिट" असं ऐकू आलं असतं, एका ओळीचं काम आहे हो!

पुढे तर मला खरंच राग आला. "होय, रेडिओ बटन, नॉट चेक्ड". होय, पण कशाला? वर प्रश्न होता, लेखनिक हवा आहे का. म्हणजे ज्याच्यासाठी तो प्रश्न विचारलाय त्यालाच तो ऐकू येत नाही. दोन्ही पर्याय फील्डसेटमध्ये (गट करणारा टॅग) आणि प्रश्न लेजंडमध्ये (त्या गटाचं शीर्षक) ठेवला की गटात शिरताना आधी प्रश्न वाचला जातो.

मग सबमिट, आणि शांतता. काहीच बोललं नाही. पिनकोडची चौकट लाल झाली होती, पण लाल रंग ऐकू कसा येणार? अशा वेळी फोकस थेट चुकलेल्या चौकटीवर न्यावा, तिथे एआरिया-इनव्हॅलिड (एआरिया म्हणजे अशा सॉफ्टवेअरला जास्तीची माहिती देणाऱ्या कोडमधल्या खुणा, ही "इथे चूक आहे" सांगणारी) लावावं आणि "पिनकोड 6 अंकी हवा" हे वाक्य एआरिया-डिस्क्राइब्डबायने तिला जोडावं. पासवर्डचे नियमपण असेच जोडायचे, कारण टॅबने जाणाऱ्याला दोन चौकटींमधला मजकूर लागतच नाही.

बाकी मी तरी म्हणेन आधी साधं एचटीएमएल नीट वापरा. खरं सिलेक्ट (पर्यायांची यादी), खरं बटन. डिव्हचे, म्हणजे स्वतःचा काही अर्थ नसलेल्या डब्यांचे, ड्रॉपडाउन बनवून त्यावर एआरिया थापत बसण्यापेक्षा ते कधीही बरं. जन्मतारीख टाइप करता येऊ द्या, कॅलेंडरमध्ये महिना महिना मागे जायला लावू नका.

आणि वेळ! पहिल्या प्रयत्नात दादाला मधेच लॉगआउट केलं होतं, सगळं भरलेलं गेलं. डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, सांगतं की वेळ संपायच्या आधी सूचना द्या आणि वेळ वाढवून घ्यायला किमान 20 सेकंद द्या. 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टाने ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) निकालात डिजिटल सुविधा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलंय, तेव्हा हे कुणावर उपकार म्हणून करायचं काम नाही.

एनव्हीडीए फुकट आहे, मायकल करन या स्वतः अंध असलेल्या प्रोग्रामरने 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं. फॉर्म बनवणाऱ्यांनो, ते टाका, मॉनिटर बंद करा आणि आपलाच फॉर्म फक्त टॅब दाबत शेवटपर्यंत भरून बघा. मी त्याच रात्री आमच्या प्रोजेक्टचा भरला, 4 ठिकाणी "एडिट ब्लँक" ऐकू आलं, सोमवारी सकाळी पहिलं ते दुरुस्त केलं.

दादाचा फॉर्म शेवटी मी वाचून दाखवला आणि त्याने भरला. ओटीपी मात्र त्याने एकट्याने टाकला, तेवढी एकच चौकट नीट बोलत होती.