बॅच ११ : गाळ एक, कारणं तीन

फळांच्या रसाच्या थंड चहाची, बॅच ११ ची बाटली बारा तास फ्रीजमध्ये राहिली आणि पुन्हा तेच. वरचा भाग धुरकट, तळाशी बोटभर करडा थर, आणि हलवल्यावर सगळं धुतल्या तांदळाच्या पाण्यासारखं. चहा कोल्ड ब्रू (थंड पाण्यात मुरवलेला) होता, पाणी मऊ (कमी कॅल्शियमचं) होतं, मलमल चौपदरी होती. म्हणजे बॅच ८ पासून सगळा दोष चहाच्या ‘क्रीमिंग’वर, म्हणजे चहा गार होताना धुरकट होण्यावर, टाकला होता, तो अर्धाच खरा निघाला. या वेळी बाटली मोरीत रिकामी न करता नमुने काढून तपासले आणि कोडं सुटलं. गढूळपणा एक नव्हताच. तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींच्या आड लपल्या होत्या, आणि त्यातली एक तर रस तापवण्याच्या आपल्याच पायरीतून तयार होत होती.

पेय तेच आहे : अननस, पॅशन फ्रूट आणि जॅस्मिन ग्रीन टी. उद्दिष्टही तेच : तीन दिवस पारदर्शक राहणारं, ग्लासाच्या पलीकडची अक्षरं वाचता येतील असं.

आधी तपासण्या, कारण गढूळ पेय घेऊन बसलेल्या कुणालाही याच पहिल्यांदा उपयोगी पडतील.

पहिली, उबेची. तयार पेयाचे ५० मिली बंद बाटलीत घालून ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे. धुरकटपणा विरघळला आणि गार झाल्यावर परत आला, तर ते चहाचं क्रीम. ५० च्या वर जायचं नाही, कारण पुढे दिसेल. बॅच ११ मध्ये धुकं थोडं विरळ झालं, गेलं नाही. म्हणजे क्रीम होतं, पण सोबत आणखी काहीतरी होतं.

दुसरी, अल्कोहोलची. ही चहा मिसळण्यापूर्वीच्या गाळलेल्या रसावर करायची. एक भाग रस, तीन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, एकदाच हलकं हलवून पंधरा मिनिटं ठेवायचं. जेलीसारख्या गुठळ्या किंवा तंतू वर तरंगले तर पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ. नमुना फेकून द्यायचा, चाखायचा नाही. अननसाच्या रसात बारीक तंतू आले, पॅशन फ्रूटच्या रसात चक्क लोळा. पण त्या लोळ्याखाली पांढरी भुकटीही बसली होती. पेक्टिन भुकटी होऊन बसत नाही, म्हणून तिसरी तपासणी.

तिसरी, आयोडीनची. जखमेला लावायचं पोव्हिडोन-आयोडीन दहापट पाण्यात पातळ करून चालतं. पॅशन फ्रूटचा रस एक उकळी आणून पूर्ण गार करायचा (गरम असताना रंग टिकत नाही) आणि त्यात थेंब टाकायचे. इथे एक फसवणूक आहे. पहिले काही थेंब पडताच गायब होतात आणि वाटतं, काहीच नाही. रसातलं क जीवनसत्त्व आयोडीनला निष्प्रभ करत असतं. ते संपेपर्यंत थेंब टाकत राहायचं. मग निळा-काळा रंग उमटतो आणि टिकतो. स्टार्च!

पॅशन फ्रूटच्या रसात स्टार्च असतं, जांभळ्या जातीत पिवळ्यापेक्षा जास्त. कारखान्यांतही हा रस तापवताना यंत्रांच्या आतून खळीसारखा थर धरतो, तो याचमुळे. कच्च्या रसात स्टार्चचे कण अख्खे आणि जड असतात. न हलवता ठेवले तर आपोआप तळाशी बसतात. रस ६० ते ७० अंशांच्या पट्ट्यात गेला की तेच कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि खळ होते. ही खळ मलमलीतून जाते, कॉफीच्या फिल्टर पेपरला बुजवते आणि गार झाल्यावर हळूहळू आकसत तळाशी करडा थर करते. बॅच ९ पासून पॅशन फ्रूटचा रस ‘टिकावा म्हणून’ सुरुवातीलाच ८० अंशांवर नेला होता. टिकला, पण खळ होऊन. उबेच्या तपासणीतली ५० अंशांची मर्यादा याचसाठी, नाहीतर तपासणीच नवा गढूळपणा तयार करेल.

आता इलाज. साहित्य जवळपास तेच राहिलं, बदलला तो पायऱ्यांचा क्रम.

पॅशन फ्रूटचा गर चमच्याने काढून जाळीच्या गाळणीवर रबरी पात्याने घासायचा. मिक्सर अजिबात नाही. बिया फुटल्या की काळे ठिपके आणि तुरटपणा, आणि ते ठिपके कुठलंच कापड अडवत नाही. रस ४० ते ४५ अंशांपर्यंत कोमट करून त्यात पेक्टिनेज (पेक्टिन तोडणारं एन्झाइम) घालायचं, मात्रा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, कारण प्रत्येक पावडरीची ताकद वेगळी. झाकून चार तास. याच वेळी, चहा मिसळण्याआधीच, का? चहातले पॉलिफेनॉल (तुरटपणा देणारी द्रव्यं) एन्झाइमला चिकटून त्याला लुळं करतात. बॅच १० मध्ये सगळं एकत्र करून मग एन्झाइम घातलं होतं, ते जवळजवळ वाया गेलं. पेक्टिन तुटलं की रस पातळ होतो आणि स्टार्चचे कण भरभर खाली येतात, म्हणजे एका पायरीत दोन कामं. मग बाटली उभी, फ्रीजमध्ये, रात्रभर. सकाळी तळाशी खडूसारखा पांढरा थर स्पष्ट दिसतो. ओतायचं नाही. ६ मिमीची सिलिकॉन नळी थराच्या दीड सेंटीमीटर वर धरून सायफनने वरचा रस काढायचा. तळाचा चमचाभर रस सोडून द्यायचा, तिथे लोभ केला की रात्र वाया.

या रसावर आयोडीनची तपासणी पुन्हा केली, उकळून, गार करून. फिकट जांभळट झाक आली, निळा-काळा नाही. चार बॅचमधला सगळ्यात समाधानाचा रंग.

स्टार्चवर अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) का नाही? कारण नेहमीची अमायलेज पावडर इतक्या आंबट रसात (पीएच ३ च्या आसपास) काम करत नाही. फुकट मिळालेलं गुरुत्वाकर्षण बरं.

अननसात स्टार्चचा त्रास नाही, पण गराचे सूक्ष्म तुकडे आणि पेक्टिन आहेत. तिथेही पेक्टिनेज, नंतर आगर, म्हणजे त्याच्या जेलीत गढूळ कण अडकतात आणि निवळ रस गळून येतो. बॅच ९ मध्ये जिलेटिन वापरून जी फजिती झाली तिचं कारणही इथे नोंदवायला हवं. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं आणि जिलेटिन म्हणजे प्रथिनच. ते जमलंच नाही, आणि त्याचे तुटलेले तुकडे रसात राहून पुढे चहाच्या टॅनिनला (तेही पॉलिफेनॉलच) चिकटले असणार. आगर समुद्री शेवाळातून येतं, ते प्रथिन नाही, ब्रोमेलेन त्याला हात लावत नाही.

प्रमाण : अननसाचा गाळलेला रस ४०० मिली, पाणी १०० मिली, आगर पावडर १ ग्रॅम. म्हणजे एकूण द्रवाच्या ०.२ टक्के. आगर पाण्यात उकळायचं, रसात नाही. आंबट द्रवात उकळलं की त्याची पकड कमी होते. दोन-तीन मिनिटं सतत ढवळत उकळी. रस खोलीच्या तापमानाला हवा. फ्रीजमधून काढलेल्या रसात आगर ओतलं की ओतताक्षणी शेवया होतात आणि सगळं वाया जातं. गरम आगरात रस हळूहळू, ढवळत मिसळायचा, भांडं बर्फात ठेवायचं आणि मग हात लावायचा नाही. सैलसर दह्यासारखं जमलं की व्हिस्कने अलगद मोडायचं आणि मलमलीत टांगायचं. पिळायचं नाही! पिळलं की आगरच बाहेर येतं आणि दुसऱ्या दिवशी रसात ढगासारखं दिसतं. पिशवीला बोटाने दोन-चार हलके धक्के, एवढंच. शेवटी कॉफीचा फिल्टर पेपर, आधी पाण्याने भिजवून, म्हणजे कागदाची चव उतरत नाही.

मलमलीबद्दल एक मत : बदामाचं दूध गाळायच्या नायलॉनच्या पिशव्या यासाठी कुचकामी आहेत. भोकं मोठी, धुवायला सोप्या, इतकंच त्यांचं कौतुक. घट्ट विणीची सुती मलमल, साबणाशिवाय उकळून घेतलेली, अजून तरी पुढे आहे.

आता चहा. बॅच ८ मध्ये दुप्पट कडक चहा गरम काढून बर्फावर ओतला होता. क्रीम व्हायला हवं ते सगळं त्यात होतं : जास्त कॅफिन, जास्त पॉलिफेनॉल, वेगाने थंडावा. कॅफिन आणि पॉलिफेनॉल गरम पाण्यात सुटे राहतात, गार होताना एकमेकांना धरतात. पाण्यात कॅल्शियम असेल तर पकड आणखी घट्ट. कोल्ड ब्रूमध्ये मुळात दोन्ही कमी उतरतात. सध्याचं प्रमाण : ६२० मिली मऊ पाणी, ६ ग्रॅम पान, ४ अंशांना आठ तास, पान न दाबता गाळायचं. साधारण ५९० मिली हाती येतं. पाण्यासाठी टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो एकूण क्षार सांगतो, त्यात कॅल्शियम किती ते नाही. थेंब टाकून कठीणपणा मोजायचं किट जास्त खरं बोलतं.

चिमूटभर खाण्याच्या सोड्याची युक्ती इथे नको. साध्या बर्फाच्या चहात तिने तुरटपणा कमी होतो, पण इथे पॅशन फ्रूटचा आंबटपणाच पेयाचा कणा आहे.

एका लिटरची आजची मांडणी :
आगरने स्वच्छ केलेला अननसाचा रस २५० मिली (आगरचं पाणी त्यात धरून)
पॅशन फ्रूटचा निवळ रस ९० मिली
कोल्ड ब्रू ५९० मिली
१:१ वजनाचं साखरेचं सिरप ७० मिली

रीफ्रॅक्टोमीटरवर (गोडी मोजायचं यंत्र) ब्रिक्स, म्हणजे साधारण साखरेची टक्केवारी, ८ च्या जवळ येतं. फळ जास्त गोड असेल तर सिरप आधी ५० मिलीच घालून मोजायचं. पीएचसाठी रंगीत पट्ट्या वापरू नका, पेयाचा रंग पट्टीवर चढतो आणि माणूस हवं ते वाचतो. मीटर असेल तर ४.०० आणि ७.०० च्या बफरवर (ठरावीक पीएचची द्रावणं) लावून घ्यायचा आणि प्रोब कोरडा ठेवायचा नाही. फ्रीजमध्ये ४ अंशांखाली तीन दिवस, त्यापुढे नाही. झाकण उघडताना फुस्स झालं तर आंबायला लागलंय, ओतून द्यायचं.

सुगंधाची छोटी गोष्ट, पण मोठा आनंद देणारी. गाळण्याच्या या सगळ्या कसरतीत जॅस्मिनचा वास जाईल अशी भीती होती. गेला नाही, कारण चहा कुठल्याच गरम पायरीतून किंवा आगरमधून जात नाही, तो सगळ्यात शेवटी येतो. फक्त पान निवडताना पाकिटात फुलं किती दिसतात यावर भुलू नये. चांगल्या जॅस्मिन चहात ताजी फुलं पानांशेजारी ठेवून वास मुरवतात आणि मग बहुतेक फुलं काढून टाकतात. उरलेल्या वाळक्या पाकळ्या शोभेच्या. वरून सुगंधी तेल फवारलेला चहा पाकीट उघडताच दणदणीत वास मारतो आणि थंड पेयात साबणाकडे झुकतो. ताजी फुलं घालणार असाल तर फक्त खाण्यासाठी वाढवलेली, न फवारलेली. आणि ‘जॅस्मिन’ नावावर जाऊ नका : पिवळी कॅरोलिना जॅस्मिन ही वेगळीच वनस्पती आहे आणि विषारी आहे.

पुढची बॅच लिची आणि लाल अंबाडीची ठरली होती. (‘हिबिस्कस टी’च्या पाकिटावर जास्वंदीचं चित्र असतं, आत बहुतेक वेळा लाल अंबाडीचे मांसल, आंबट पेले असतात. चित्र पाहून जास्वंद वाळवायला घेऊ नका, ती आंबट चव येणार नाही.) पण अंबाडी स्वतःचं पेक्टिन आणि चिकटा घेऊन येते. तीन संशयित आत्ताच कुठे वेगळे झालेत, चौथा इतक्यात नको. लिची-अंबाडी पुढे ढकलली.

हे लिहिता लिहिता एक वेगळंच सुचलं. दोन बाटल्याच का ठेवू नयेत? एकीत कोल्ड ब्रू, दुसरीत रस आणि सिरप, मिसळायचं ते थेट ग्लासात. इतक्या सौम्य चहात क्रीम जमायला वेळ लागतो, ग्लास त्याआधी संपेल. मग उरलेलं धुकं फक्त फळाचं, आणि ते आता आटोक्यात आहे. शिवाय थर देता येतील. गोड मिश्रण जड असल्याने खाली बसतं, वर बिनसाखरेचा चहा बर्फावरून चमच्याच्या पाठीवर ओतायचा. त्या चहात गोकर्णीच्या वाळक्या फुलांचा अर्क (१ ग्रॅम, १५० मिली पाणी, ८० अंश, पाच मिनिटं, मग गार) थोडा मिसळला तर वर निळा, खाली सोनेरी, आणि ढवळल्यावर आंबटपणामुळे जांभळा.

म्हणून बॅच १२ ची फाळणी. अर्धी वरच्या मांडणीने एकाच बाटलीत, अर्धी दोन बाटल्यांत. दोन्हींचे नमुने २४, ४८ आणि ७२ तासांनी छापील कागदासमोर धरायचे. आणि तिसरी छोटी बाटली, २०० मिलीची : निवळलेल्या, पाणी घालून पातळ केलेल्या रसातच जॅस्मिनचं पान थंड मुरवायचं, वेगळा ब्रू न काढता. आंबट द्रवात पानातून कमी उतरेल असा अंदाज आहे, म्हणून पान २ ऐवजी ३ ग्रॅम. रस रात्रीच निवळायला ठेवलाय, पांढरा थर बसायला लागलाय.