घरी बांधलेल्या ड्रोनचा नंबर काढताना

आमचं घर सिंधुदुर्गातल्या परुळ्यात. चिपी विमानतळ इतका जवळ की विमान आलं की आई ओटीवरूनच सांगते, ‘इला गो बाय.’ साहजिकच अंगणातून ड्रोन उडवायचा विषयच नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत रेड झोन, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पंखासुद्धा फिरवायचा नाही. ५ ते ८ किलोमीटरमध्ये यलो झोन, म्हणजे जमिनीपासूनच एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी हवी. ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक, म्हणजे ग्रीन झोन, आणि त्याच्या पलीकडे, दुसरी काही अडचण नसेल तर, ४०० फुटांपर्यंत. म्हणून मी बाईकवर सगळा संसार बांधून आचऱ्याला जातो.

ड्रोन माझा स्वतःचा, सुटे भाग जोडून केलेला. तयार परदेशी ड्रोन आणण्यावर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. आणि खरं सांगायचं तर बांधण्यातच जास्त मजा आहे. वजन सातशे ग्रॅमच्या आत, म्हणजे ‘मायक्रो’ वर्ग (२५० ग्रॅम ते २ किलो). नंबर मात्र हवाच. त्याला यूआयएन (युनिक आयडेंटिफिकेशन नंबर) म्हणतात. अर्ज डी-२ फॉर्मवर ऑनलाइन, फी १०० रुपये. आधीच्या नियमांत पंचवीस फॉर्म होते, ऑगस्ट २०२१ च्या नियमांनी ते पाचावर आणले. सरकारी कागद कमी झाल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

फॉर्ममध्ये टाइप सर्टिफिकेटचा, म्हणजे ड्रोनचं डिझाइन तपासून पास केल्याच्या दाखल्याचा, रकाना बघून जरा छातीत धस्स होतं, कारण ते कंपन्या घेतात. पण छंद, शिक्षण किंवा संशोधनासाठी, २५ किलोच्या आतला आणि नजरेच्या टप्प्यात उडवायचा ड्रोन नियमांच्या भाषेत ‘मॉडेल’ ठरतो आणि मॉडेलला हे सर्टिफिकेट लागत नाही. ही ओळ नीट वाचली की अर्धी काळजी मिटते.

खरी मेहनत सीरियल नंबरांची. यूआयएन ड्रोनच्या सांगाड्याला चिकटत नाही. तो फ्लाइट कंट्रोलर (उड्डाण सांभाळणारा सर्किट बोर्ड, ड्रोनचा मेंदूच) आणि हातातला रिमोट या दोघांच्या नंबरांशी जोडलेला असतो. रिमोटचा नंबर पाठीमागच्या स्टिकरवर मिळाला. माझ्या फ्लाइट कंट्रोलरवर स्टिकरच नव्हतं! तो लॅपटॉपला जोडून कॉन्फिगरेटरमध्ये, म्हणजे बोर्डाचं सेटिंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, चिपचा आयडी वाचून काढला. लांबलचक आकडे आणि अक्षरं. भाच्याने मोठ्याने वाचली, मी टाइप केली, मग उलट करून पुन्हा तपासली. असं घरगुती काम करणार असाल तर बोर्ड फ्रेममध्ये बसवायच्या आधीच हे उरकून घ्या, नाहीतर सगळे स्क्रू पुन्हा काढावे लागतात.

आणि इथे कोकणची खास भानगड. खारा वारा बोर्ड खातो. वर लॅकरचा थर दिला होता, तरी एका पावसाळ्यानंतर कंट्रोलर गेलाच. नवा बसवला की सात दिवसांत सरकारी ड्रोन पोर्टलवर नवा नंबर कळवावा लागतो. घाटावरच्या मित्रांना हे वर्षानुवर्षं करावं लागत नाही, आपल्याला मात्र हा धडा पाठ हवा. थर्ड पार्टी विमाही काढला. त्यातून सूट फक्त नॅनोला, म्हणजे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला.

गावात सगळ्यांचा समज असा की नंबर मिळाला म्हणजे दिल्लीत कुणीतरी स्क्रीनवर माझा ड्रोन बघत बसलंय. तसं अजून नाही. लाइव्ह ट्रॅकिंग, परवानगीशिवाय उड्डाणच न होणं, जिओफेन्सिंग (ठरलेल्या हद्दीबाहेर ड्रोन जाऊ न देणं) या गोष्टी पुढे सक्तीच्या करण्याची तरतूद नियमांत आहे, आणि तेव्हा किमान सहा महिन्यांची मुदत द्यायची आहे. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो. तिथे उलटं: छंदवाल्याला एकच नंबर सगळ्या ड्रोनना चालतो, पण २५० ग्रॅमवरच्या ड्रोनने हवेत असताना आपली ओळख आणि ठिकाण रेडिओवरून सांगत राहायचं. मला विचाराल तर आपली पद्धत कागदावर कडक आणि आकाशात सैल आहे.

किनाऱ्यावर मात्र नजर पक्की. आचऱ्यात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्या एका तात्यांनी ड्रोन बघितला आणि सरळ विचारलं, “फिशरीजचो काय रे?” त्यांचं चुकलं नाही. जानेवारी २०२५ पासून बेकायदा मासेमारी पकडायला सरकारी ड्रोन समुद्रावर फिरतायत. मी ड्रोन उतरवून पोटावरचा नंबर दाखवला. तात्या म्हणाले, “नंबर आमच्या होडयेक पण आसा.” ते बरोबरच. २६/११ नंतर होड्यांची नोंद, खलाशांची ओळखपत्रं, आता होडीचं ठिकाण कळवणारे ट्रान्सपॉन्डर, हे सगळं या माणसांनी आमच्या आधी सोसलंय. त्यामुळे आता उडवण्याआधी रापणीवर जाऊन सांगतो, पोलीस पाटलांनाही फोन करतो. नियमात नाही, पण किनाऱ्यावर हे लागतं.

झोनचा सरकारी नकाशा मात्र दर वेळी बघतो. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन लावू शकतो, त्यामुळे कालचा हिरवा आज हिरवा असेलच असं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचं म्हणाल तर तिथे पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी.

सध्या एक होमस्टेवाले दादा मागे लागलेत, ‘आमचा वरून व्हिडिओ काढ, जेवण फुकट.’ पैसे असोत की सोलकढी, मोबदला आला की छंद संपला. मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेटची (ड्रोन उडवण्याच्या परवान्याची) सूट फक्त बिनव्यावसायिक उड्डाणाला आहे. ते काढायला २०२३ पासून पासपोर्टची अट राहिलेली नाही, म्हणून कोर्सची चौकशी केली आहे. दादांना तोवर थांबायला सांगितलंय.