तलाव भरलेला असताना पक्षी मोजायला: नवेगावबांध आणि आसपास

कोजागिरी झाली की पूर्व विदर्भात धान पिवळं पडू लागतं आणि उत्तरेकडून बदकं उतरू लागतात. पाणपक्ष्यांची ठरलेली आशियाई गणना जानेवारीत होते, १९८७ पासून. त्यामुळे पक्षी मोजायचे ते हिवाळ्यातच, अशी आपल्या मनाची समजूत होऊन बसली आहे. पण काही पक्षी इथे थांबायला नव्हे, फक्त टेकायला येतात आणि पुढे दक्षिणेला निघून जातात. जानेवारीत गेलात तर ते दिसायचे नाहीत. म्हणून या वेळी आम्ही तिघं ऑक्टोबरच्या शेवटी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावावर गेलो आणि दुसऱ्या दिवशी अर्जुनी मोरगाव तालुक्यातले छोटे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पाहिले.

नागपूरहून राष्ट्रीय महामार्गाने भंडारा, साकोली करत कोहमाऱ्याला यायचं आणि तिथून दक्षिणेला वळायचं. रेल्वेने यायचं असेल तर गोंदिया–बल्लारशा मार्गावरचं देवलगाव स्टेशन जवळ पडतं, मात्र गाड्या कमी आहेत. तलावाचा परिसर व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीला लागून आहे, त्यामुळे कुठल्या काठावर कधी जाता येईल हे आदल्या दिवशीच गेटवर विचारून घ्या.

हा तलाव कोहळी समाजाने बांधला. डोंगरांच्या मधली जागा हेरून, मातीची पाळ घालून पाणी अडवण्याची त्यांची हातोटी आजही पाहण्यासारखी आहे. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच परिसरात राहिले. पाळीवर उभं राहून समोरचं पाणी आणि मागचं रान पाहिलं की एका माणसाला इथे आयुष्यभर पुरेल एवढं का सापडलं असेल ते कळतं.

सकाळी धुकं होतं. आठपर्यंत थांबावं लागलं. थांबा, घाई करू नका. धुक्यात काळे ठिपके मोजण्यापेक्षा उशिरा सुरू केलेलं बरं. शक्यतो पूर्वेकडच्या काठावर उभं राहायचं, म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. समोरून ऊन आलं तर सगळी बदकं एकाच काळ्या रंगाची.

ऑक्टोबरातली खरी अडचण वेगळीच आहे. नर बदकांचा विणीचा पिसारा उन्हाळ्यात गळालेला असतो आणि नवा अजून पुरता आलेला नसतो. पुस्तकातलं तपकिरी डोक्याचं, लांब शेपटीचं तलवार बदक या दिवसांत शोधून सापडत नाही. बहुतेक जण मादीसारखेच करडे-तपकिरी. तेव्हा रंग सोडा आणि आकार धरा. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी, ती कुठल्याही पिसाऱ्यात लपत नाही. तलवार बदकाची मान लांब आणि सडपातळ, चोच राखी. भुवई बदकाच्या चेहऱ्यावर ठळक पट्टे आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. चक्रांग बदक त्याच्याएवढंच, पण चेहरा साधा आणि शेपटीच्या बाजूला फिकट रेघ. उडाले तर पंखावरचा पट्टा बघा: चक्रांगाचा हिरवा, मलीन बदकाचा पांढरा. तरीही ओळख पटली नाही तर सरळ ‘बदक, जात अनिश्चित’ लिहावं. अशा नोंदीची लाज वाटायचं कारण नाही. अंदाजाने लिहिलेलं नाव मात्र पुढे कित्येकांना चकवतं.

मोजण्याची आमची रीत साधी आहे. पलीकडच्या काठावरची झाडं, खडक, एखादा टॉवर अशा खुणा धरून पाण्याचे भाग पाडायचे. प्रत्येक भाग डावीकडून उजवीकडे. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजून तेवढी जागा डोळ्यांत बसवायची आणि मग ती जागा थव्यात किती वेळा मावते ते पाहायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि एकमेकांना आकडा शेवटीच सांगायचा. एकाने स्कोपला (तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला) डोळा लावून बोलायचं आणि तिसऱ्याने लिहायचं, हे सगळ्यात सोयीचं. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून फिरला की सगळं पाणी उठतं. त्या वेळी मोजणी थांबवा, थवे बसू द्या आणि तो भाग पहिल्यापासून घ्या.

एक लक्षात ठेवा, अडई हे बदक आपल्याकडचं राहतं आहे. दिवसा मोठ्या थव्याने पाण्यावर बसून राहते आणि रात्री बांध्यांमध्ये (धानाच्या खाचरांत) चरायला जाते. त्या थव्याच्या कडेला पाहुणी बदकं मिसळलेली असतात. ‘अडयाच आहेत’ म्हणून पुढे सरकलात तर तीच निसटतात. आम्हाला भुवई बदकं तशीच, अडयांच्या पलीकडच्या टोकाला दिसली. ती सगळ्यांच्या आधी येतात. पट्टकादंब हे रानहंस मात्र या दिवसांत धरू नका. हिमालय ओलांडून ते इथे पोचेपर्यंत बहुधा थंडी पडलेली असते.

दुसरा दिवस मामा तलावांचा. हे तलाव मालगुजारांचे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. बहुतेकांवर आजवर कोणी वही घेऊन बसलेलं नसेल, आणि माझ्या मते मोजायची खरी गरज तिथेच आहे. कुठल्या गावच्या तलावावर बसलो ते मुद्दाम लिहीत नाही. फासे लावणारेही वाचत असतात.

तिथे एका तलावावर कमळ, देवधान (जंगली भात) आणि मोकळं पाणी असं सगळं होतं. कमळाच्या पानांत काणूक ही छोटी बदकं, पानांवरून चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या. शेजारच्याच तलावाचा काठ बेशरमाच्या झुडपांनी भरलेला, आणि तिथे दोन टिबुकल्या सोडून काही नाही. तोही आकडा लिहा. रिकाम्या तलावाची नोंद कोणी ठेवत नाही, म्हणून तो कधी रिकामा झाला हे कोणाला सांगता येत नाही.

चिखलातले पक्षी कुठेच दिसेनात, म्हणून डोंग्यातून जाळं काढून परतलेल्या एका ढिवर काकांना विचारलं. ते म्हणाले, “आता कुठचे भाऊ? तलाव भरून हाये. बांध्याईले पाणी सुटलं का काठ उघडा पडते, मंग येतेत ते.” दुपारी तेच पटलं. ज्या तलावाचं पाणी धानाला सोडलं होतं, त्याच्या ओल्या काठावर ठिपकेवाल्या तुतवारी आणि छोटे चिखले धावत होते. त्यामुळे नोंदवहीत पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाण्याची पातळी लिहायलाच हवी: तलाव पूर्ण भरलेला, पाणी सुटतंय, की काठ उघडा. ते नसेल तर पुढच्या वर्षीचा आकडा कमी आला की जास्त, याला काही अर्थ उरत नाही. आणि आधी काठावरच्या ढिवरांना विचारा. पाणी कधी सुटलं, कुठला थवा कधी उतरला, हे त्यांना रोजचं माहीत असतं.

पाळीवरच्या गवतात घोणस असते, तेव्हा बूट घाला आणि पाऊल बघून टाका. उभ्या धानात शिरू नका, धुऱ्यावरूनच (शेताच्या बांधावरूनच) चाला. कापणीचे दिवस असतात, लोकांच्या वर्षभराच्या मेहनतीचा प्रश्न आहे. जंगलाला लागून असलेल्या तलावावरून अंधार पडायच्या आत निघा, या भागात अस्वलं आहेत. फोटोसाठी थवा उठवू नका, लांबून आलेले पक्षी थकलेले असतात. दुर्बीण ८ बाय ४२ पुरते, पण मोठ्या तलावावर स्कोपशिवाय काम होत नाही. पाणी आणि खाणं सोबत घ्या, गावात आलुबोंडा मिळाला तर मिळाला.

याद्या त्याच संध्याकाळी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर भरा, प्रत्येक तलावाची वेगळी. एक दिवस हाताशी असेल तर गोंदियाकडे परसवाडा, झिलमिलीच्या तलावांवर जा. तिकडच्या धानाच्या बांध्यांत सारस दिसण्याची शक्यता आहे. दिसलाच तर रस्त्यावरूनच बघा, आणि सोबत पिल्लू असेल तर जागेचं नाव कुठेही टाकू नका.