रात्रीतून उठलेल्या दोन कडा

आदल्या संध्याकाळी रॅप करून, म्हणजे विनाइलची चिकट फिल्म चढवून ठेवलेल्या कारच्या डॅशबोर्डच्या पाच पट्ट्या सकाळी बसवायला घेतल्या, तर दोन जागी विनाइल उठलेलं. एक गिअरच्या चौकटीतल्या खोलगट भागात, दुसरं लांब पट्टीच्या खालच्या कडेला. काम नव्या मुलाच्या हातचं होतं आणि वरून पाहिलं तर झकास: बुडबुडा नाही, चुणी नाही. "दादा, गन मारून दाबून देतो," म्हणत त्याने गरम हवेची हीट गन उचललीसुद्धा. ती खाली ठेवायला लावली. उठलेली कड गरम करून दाबली की तात्पुरती बसते आणि का उठली ते कळायची सोय जाते. आधी कड उलटून बघायची.

गिअरच्या चौकटीवरची चिकट बाजू बोटाला घट्ट धरत होती, म्हणजे गोंद शाबूत. पण मागे वळवलेली कड दोन-तीन मिलिमीटर सरकलेली, आणि खोलगट भागावर फिल्म तंबूसारखी ताठ. हा ताणाचा दोष. चौकटीच्या वरच्या चारही कडा आधी चिकटवल्या, मग मधला भाग गरम करून आत दाबला. खोली भरायला लागणारी सगळी फिल्म तेवढ्याच जागेतून ओढली गेली. चांगलं कास्ट (ओतून बनवलेलं) विनाइलही ताणलं की मूळ मापाकडे परत यायला बघतं. स्वस्त कॅलेंडर्ड (रोलरखाली लाटून बनवलेली) फिल्म तर अशा जागी वापरूच नये. फिल्म सैल ठेवून आधी तळाला टेकवायची, तिथे दाबायची, मग भिंतींवरून वर यायचं. खोली फारच असेल तर तळाला वेगळा तुकडा लावून वरची फिल्म त्यावर 3 मिलिमीटर चढवावी. सांधा दिसतो, पण टिकतो.

लांब पट्टीचं प्रकरण वेगळं. तिथली फिल्म जागची हलली नव्हती, पण चिकट बाजू निस्तेज, बोटाखाली घसरणारी. हे सिलिकॉन. डॅशबोर्डला चमक आणणारं पॉलिश खाचेत जाऊन बसतं, आणि पुसताना आपण दिसणारा भागच पुसतो. मुलाने आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं होतं, पण एकाच फडक्याने, म्हणजे तेलकटपणा इकडचा तिकडे केला. आधी साबणाचं पाणी, मग मेण-सिलिकॉन काढणारं द्रावण, शेवटी 70 टक्के अल्कोहोल. एका फडक्याने ओलं करायचं आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. नंतर विनाइलचा फालतू तुकडा कडेला चिकटवून ओढून बघायचा. अलगद सुटला तर परत धुणं.

दोन्ही तुकडे कोमट करून, जवळजवळ सपाट कोनात ओढून काढले. काढलेलं विनाइल पुन्हा लावायचा मोह होतो, पण त्याच्या गोंदात धूळ आणि ताण दोन्ही राहतात. नवा तुकडा चारही बाजूंनी 4 ते 5 सेंटिमीटर जास्त कापला, बाकीच्या तीन पट्ट्यांच्या दिशेतच. कार्बन नक्षी किंवा मेटॅलिक रंग आडवा-उभा झाला की शेजारच्या पट्ट्या दोन वेगळ्या रोलच्या वाटतात.

कोपऱ्यावर फिल्म दोन्ही बाजूंनी आळीपाळीने ओढू नये, कर्णरेषेत एकदाच हलकी ओढावी. मागे 8 ते 10 मिलिमीटर वळवायची. वळणावर चीर दिली तर ती कडेच्या 2 मिलिमीटर आधी थांबवायची, नाहीतर चीर पुढून दिसते. ब्लेडचं टोक दर थोड्या कापांनंतर मोडायचं. बोथट पातं विनाइल कापत नाही, फाडतं.

सगळं बसल्यावर कडा आणि खोलगट भाग 90 ते 100 अंश सेल्सियसपर्यंत तापवले, तेव्हा फिल्मचा ताण सैलावतो. अंदाजाने नाही, इन्फ्रारेड थर्मामीटरने बघून. इथे एक अडचण आहे: पट्टीचं एबीएस प्लॅस्टिकही त्याच सुमाराला मऊ पडायला लागतं. म्हणून गन सतत हलती, एका वेळी हातभर कड, आणि मागच्या पातळ क्लिपांपासून दूर. एअरबॅगच्या झाकणाला मात्र आम्ही विनाइल लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. ते ठरल्या जागी फाटायलाच हवं.

पट्ट्या चोवीस तास तशाच ठेवल्या. बसवताना लांब पट्टी तरीही खाचेत जाईना. फिल्म गोंदासकट साधारण 90 मायक्रॉन, खाचेत दोन्ही बाजूंनी धरून जवळजवळ 0.2 मिलिमीटर जाडी वाढलेली. जोर लावला असता तर तीच कड परत सोलली असती. खाचेत जाणाऱ्या जिभेच्या मागच्या बाजूचं आणि क्लिपांच्या बुडाभोवतीचं विनाइल कापून काढलं, तेव्हा पट्टी हाताच्या दाबाने आत गेली.