टाच बसली का, तेवढं आधी बघा

गेल्या आषाढात आमच्या लेकीच्या डाव्या पायाला आतल्या बाजूने, घोट्याच्या जरा पुढे, पाच रुपयांच्या नाण्याएवढा फोड आला. आला तो स्प्लिंटमुळे, म्हणजे पाय सरळ ठेवायला घालतात त्या प्लॅस्टिकच्या आधारामुळे. आणि ती स्प्लिंट मिळवायला आणि दुरुस्त करून घ्यायला मी तिला कडेवर घेऊन खानापूर-बेळगाव सात फेऱ्या केल्या होत्या. वर्ष झालं, फोडाचा डागही गेला, पण माझा राग जात नाही. आपल्या भागात अशी मुलं घेऊन फिरणाऱ्या कितीतरी आया मला बसमध्ये भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

लेक आता सात वर्षांची आहे. बत्तिसाव्या आठवड्यातच जन्मली. दीड वर्षाची झाली तरी उभी राहीना. उभी केली की चवड्यांवर, आणि पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम, त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे हातांपेक्षा पायांत ताठरपणा जास्त. निदान लवकर झालं, फिजिओथेरपी लवकर सुरू झाली, त्यात कुणाला नाव ठेवायला जागा नाही. यूडीआयडी कार्डाचंही, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचंही, काम सरळ झालं. फॉर्म कन्नडमध्ये भरायला आमच्या गावच्या आशाताईंनी मदत केली. अपंगत्वाची टक्केवारी चाळीस किंवा त्याहून जास्त असेल तर पुढच्या बहुतेक सवलतींचं दार उघडतं, आणि कार्ड देशभर चालतं. आपण कर्नाटकातले आणि उपचार मिरजेला किंवा कोल्हापूरला, तरी ते बाद होत नाही.

अडलं ते पायाच्या मापाशी.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच होतं : दोन्ही पायांना एएफओ. एएफओ म्हणजे पोटरीच्या मागून तळपायापर्यंत येणारी प्लॅस्टिकची स्प्लिंट, जिला आपल्याकडे सगळे बूट किंवा पट्टाच म्हणतात. ती ताठ हवी की घोट्यात बिजागरीची, कोन किती, टाच किती येते, काही नाही. ती चिठ्ठी घेऊन मी चैत्रात बेळगावातल्या एका वर्कशॉपात गेले. लेक रडत होती. तिथल्या माणसाने तिला माझ्या मांडीवर बसवलं, पायाला प्लॅस्टरची ओली पट्टी गुंडाळली आणि चवड्याखाली तळहात लावून पाय जोराने वर दाबला. बाजूने बघितलं तर पाय काटकोनात आलेला दिसत होता. मला बरं वाटलं. दहा मिनिटांत दोन्ही पायांचे साचे झाले. पाय हातात घेऊन, गुडघा वाकवून, सरळ करून कुणी बघितला नाही. बघायचं असतं हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

त्यानंतर तीन वेळा नुसते हेलपाटे. "साहेबरु इल्ला, नाळे बन्नी," साहेब नाहीत, उद्या या. मग "मुंदिन वारा," पुढच्या आठवड्यात. मग एकदा साचा फुटला म्हणाले, पण परत माप न घेता जुन्यावरूनच करतो म्हणाले. पंचवीस-सव्वीस किलोमीटर काही फार नाही, पण सहा वर्षांचं ताठ पायांचं मूल गर्दीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसलं की पाय पुढच्या सीटला लागतात आणि तिला गोळे येतात. फोन केला तर "या" म्हणायचे, गेलं की तयार नसायचं. फोनवर "तयार आहे का" विचारू नका. "स्प्लिंट तुमच्या हातात आहे का, त्यावर नाव लिहिलंय का" असं विचारा. हे मी चौथ्या फेरीनंतर शिकले.

ज्येष्ठात स्प्लिंट मिळाली. गुलाबी रंगाची, वर फुलं. लेक खूश. त्या माणसाने पाय आत घातला, वेलक्रो आवळला, उभी केली. मला मागून टाचेखाली फट दिसली. माझं बोट आत जात होतं. मी म्हटलं, "दादा, टाच वर राहतेय."

"काय होत नाही ओ अक्का. चालून चालून बसतंय. सवय होऊ दे."

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी आल्यावर तासाभरातच आतल्या बाजूला लाल वळ. काढून ठेवली तर संध्याकाळपर्यंत लाली तशीच. लाली पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात गेली तर चालते. त्याहून जास्त राहिली तर स्प्लिंट त्या जागी दाबते आहे, आणि अशी स्प्लिंट परत घालायची नसते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सवय होईल म्हणून आठवडाभर घालत राहिले. पावसाने जोर धरला होता. आमच्या खानापूरचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. मोजे वाळेनात, ओलसर मोज्यावर प्लॅस्टिक, आणि फोड आला. सासूबाई लावणीवरून आल्या, फोड बघून म्हणाल्या, "पोरीला आणखी किती छळतीस? काढून टाक ते." त्यांचं बरोबर होतं.

सहाव्या फेरीत त्यांनी आतून फोम चिकटवला. त्याने जागा आणखी कमी झाली आणि टाच आणखी वर गेली. सातव्या फेरीत हीट गनने तापवून आतल्या बाजूला फुगवटा काढला. दाब थोडा पुढे सरकला, एवढंच. शेवटी मला सांगण्यात आलं की मुलगीच पाय ताठ करते, हट्टी आहे, घरी व्यायाम कमी पडतोय. मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या पोटऱ्या ताणत होते. बसस्टॉपपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही.

श्रावणात मिरजेला गेलो. रेल्वे खानापूरहून थेट मिळते आणि डब्यात तिला पाय पसरायला जागा मिळते, हे आधीच करायला हवं होतं. तिथे मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्ट बाईंनी मिळून जवळजवळ पाऊण तास नुसतं तपासलं. कागद नंतर बघितले.

आधी तिला चालायला लावलं, वॉकर धरून आणि न धरता. हाताने धरायच्या साधनाशिवाय ती घरात चार पावलांपलीकडे जात नाही, म्हणून तिची पातळी तीन. मूल स्वतः किती हालचाल करू शकतं त्याच्या या पातळ्या एक ते पाच असतात, जीएमएफसीएस म्हणतात. १९९७ मध्ये कॅनडात पालिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली आणि आता जगभर तीच वापरतात. तुमच्या मुलाची पातळी विचारून घ्या. खुबा सरकण्याचा धोका पातळीप्रमाणे वाढत जातो, आणि खुबा सरकताना सुरुवातीला दुखत नाही. म्हणून एक्स-रे काढत राहायला लागतो. त्यात मांडीच्या हाडाचा गोळा वाटीच्या बाहेर किती टक्के आलाय ते मोजतात. तीस टक्क्यांच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. आमचं त्याखाली आहे. इतकी वर्षं आम्ही पायाच्या पंजाकडेच बघत होतो, कमरेचा एक्स-रे त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

मग तो पाय. बाईंनी एका हाताने टाच धरून सरळ केली आणि घट्ट पकडून ठेवली. दुसऱ्या हाताने गुडघा वाकवून पंजा वर ढकलला. पाय काटकोनाच्या थोडा वर आला. मग टाच तशीच धरून गुडघा सरळ केला, आणि पंजा आपोआप खाली गेला, काटकोनाच्या बराच अलीकडे अडला. पोटरीत दोन स्नायू आहेत. एक गुडघ्याच्या वरून निघतो आणि टाचेला येतो, दुसरा गुडघ्याच्या खालून निघतो. गुडघा वाकवल्यावर पाय वर येतो आणि सरळ केल्यावर अडतो, म्हणजे वरचा स्नायू आखडलेला आहे.

मग त्यांनी टाच सोडली आणि नुसता चवडा वर दाबला. पाय काटकोनात आला! पण पायाचा मधला भाग आतल्या बाजूने खाली कोसळला होता, आणि टाच होती तिथेच, वर. "काटकोन दिसतोय ना? हा घोट्यातून आलेला नाही. पाय मधेच मोडलाय," बाई म्हणाल्या. आतल्या बाजूला जिथे हाड पुढे आलं होतं, तिथेच तो फोड होता.

चैत्रातला तो तळहात मला आठवला. तिच्या पायाचा साचाच मोडलेल्या स्थितीत घेतला होता. त्यावर फोम लावून, तापवून काही होणार नव्हतं. लेक हट्टी नव्हती. मला त्या खोलीत इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

त्यांनी पाय एकदा हळू आणि एकदा झटक्याने हलवून बघितला. झटक्याने हलवल्यावर मध्येच पकडल्यासारखा अडतो, तो ताठरपणा, मेंदूकडून येणारा. हळू नेऊनही जिथे थांबतो, तिथे स्नायूच आखूड झालाय. मेंदूची इजा वाढत नाही, पण हाडं लांबतात आणि ताठ स्नायू मागे राहतो, म्हणून वाढीच्या वर्षांत हे बदलत राहतं. ताठरपणासाठी स्नायू सैल करणारं बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन, साधारण तीन महिने परिणाम टिकतो. आखूड झालेल्या स्नायूला ते लागू पडत नाही, त्याला प्लॅस्टर. आम्हाला दोन्ही लागलं. इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी प्लॅस्टर, मग दर आठवड्याला काढून थोडं जास्त कोनात नवं, असं तीनदा. तीन आठवडे प्लॅस्टर भिजू न देणं, एवढंच काय ते कष्ट. टाच खाली आली.

नात्यातले एक मामा सांगत होते, नस कापून मोकळी करून आणा, एकदाच काय ते. डॉक्टरांनी स्पष्ट नको म्हटलं. दोन्ही पायांत ताठरपणा असलेल्या मुलांची टाचेची नस लहानपणी घाईने लांबवली तर पोटरी कमजोर पडते आणि मोठेपणी मूल गुडघ्यांत वाकून चालायला लागतं. ते परत सरळ करणं फार अवघड. कधी लागलीच तर शस्त्रक्रिया सगळा पाय, खुबा, गुडघा एकत्र बघून ठरवतात.

नवा साचा घेताना बाई स्वतः टाच धरून बसल्या. या वेळी चिठ्ठीवर अर्धं पान लिहिलेलं होतं : बिजागरी नको, ताठ हवी, आतून कमानीला आधार. मला वाटायचं बिजागरीची चांगली. पण पोटरी घट्ट असली की बिजागरीत पाय पुन्हा मधेच मोडतो.

घालताना आधी घोट्यावरचा पट्टा, गुडघा वाकवून, टाच मागे दाबून. पोटरीचा पट्टा शेवटी. मी पूर्वी उलटं करत होते. मोजा सुती, शिवण नसलेला, गुडघ्यापर्यंत. पहिल्या दिवशी अर्धा-एक तास, मग रोज वाढवत. बूट स्प्लिंट घेऊन दुकानात जाऊन घ्या, नेहमीच्या मापाचा होत नाही, आतला तळवा काढला तर जागा होते. आणि एक राहिलंच, सेरेब्रल पाल्सी असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात नाव घाला. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. आम्ही दोन वर्षं उगीच घालवली.

टाच बसली की नाही हे कळायला मी एक करते. टाचेला ओली हळद लावायची, मोजा न घालता पाय आत घालून पट्टे आवळायचे, उभी करायची, मग काढून स्प्लिंटच्या तळाला बघायचं. हळद उमटली तर बसली. वर्कशॉपातच करायचं, घरी येऊन नाही, आणि उमटली नाही तर स्प्लिंट घ्यायची नाही. कितीही फेऱ्या झाल्या असल्या तरी.

पाय वाढला, त्यामुळे परवा पुढच्या मापाची स्प्लिंट आणायला गेलो. मी पिशवीतून हळदीची डबी काढली. तिथला मुलगा म्हणाला, थांबा अक्का, आणि ड्रिलने टाचेच्या जागी रुपयाएवढं गोल भोक पाडून दिलं. आता मागून बघितलं की टाच दिसते. लेकच रोज सकाळी विचारते, "आई, खिडकीत आली का?"