शौलाच्या उपासनेचं काय झालं?

गुरुवार, रात्र

कारण इतकं फुटकळ आहे की उजाडल्यावर मलाच हसू येईल. तरी लिहितो, झोप नाहीतरी येत नाहीये.

आजची प्रार्थनासभा काकूंकडे होती. बायबलातलं शमुवेलाचं पहिलं पुस्तक, अध्याय १५. नेहमीसारखं प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं आणि पुढच्याकडे द्यायचं. फिरत फिरत २६वं माझ्यावर आलं. इस्राएलाचा पहिला राजा शौल आत्ताच, म्हणजे २४ आणि २५ मध्ये, म्हणालाय की मी पाप केलं, क्षमा कर, माझ्याबरोबर परत चल, मला परमेश्वराची उपासना करू दे. आणि २६ मध्ये देवाचा संदेष्टा शमुवेल म्हणतो, मी येणार नाही. तू परमेश्वराचा शब्द टाकलास, त्याने तुला राजपदावरून टाकलं आहे.

पोरांपैकी कोणीतरी खिदळलं, कारण शमुवेलाचं वाक्य शमुवेलाकडेच आलं होतं. माझ्या नावाचे असे विनोद मला सवयीचे आहेत. पण अर्ध्यावर माझा आवाज बसला. खोकल्यासारखं करून वेळ मारून नेली, काकूंनी लगबगीने पुढचं वचन उचललं, झग्याचा काठ फाटतो ते, आणि वाचन पुढे गेलं. येताना ही स्कूटरवर मागून म्हणाली, घसा बसलाय का? मी हो म्हणालो.

घसा बसलेला नव्हता. मी वाचत होतो शमुवेलाचं, आणि ऐकत होतो शौलासारखं.

हा अध्याय मला पाठ आहे. संडे स्कूलमध्ये यावर बक्षीस मिळालेलं आहे. अमालेकी या शत्रू टोळीचं सगळं नष्ट कर, अशी आज्ञा होती. शौलाने त्यांच्या राजाला, अगागला, जिवंत धरून आणलं आणि चांगली चांगली गुरंमेंढरं राखली. शमुवेल येतो तर मागे मेंढरांचं बें बें चाललंय, आणि शौल म्हणतोय, मी आज्ञा पाळली. तिथे आम्ही पोरं हमखास हसायचो. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, हे तिथलंच. फळ्यावर खडूने लिहिलेलं अजून डोळ्यांसमोर आहे.

आज्ञेत बायका होत्या, तान्ही मुलंही होती, हे तेव्हा कोणी मोठ्याने वाचलं नाही. शौल दयाळू होता म्हणून नाकारला गेला, असंही म्हणता येत नाही. त्याने राखलं कोणाला? राजाला आणि धष्टपुष्ट जनावरांना. बाळांना नाही. यावर आज नाही लिहिणार, लिहायला बसलो तर सकाळ होईल.

मला छळतंय ते वेगळंच. त्याने कबूल केलं होतं. मी पाप केलं, असं स्वच्छ म्हणाला होता. आणि उत्तर आलं, नाही.

पाळकसाहेबांनी समजावलं. त्याचा पश्चात्ताप खरा नव्हता, लोकांना भ्यालो म्हणाला, खापर त्यांच्यावर फोडलं, ३०व्या वचनात तर वडीलजनांसमोर माझी लाज राख म्हणतो. शौलानंतरचा राजा दावीद बघा, नाथान संदेष्ट्याने बोट दाखवलं तर एका वाक्यात कबूल झाला. ठीक. पण दाविदाने आपल्याच शिपायाला, उरीयाला, मारवलं होतं, त्याची बायको घेतली होती. शौलाने मेंढरं ठेवली. शब्द दोघांचेही जवळपास तेच. एकाला त्याच क्षणी उत्तर मिळतं की तू मरणार नाहीस, दुसऱ्याला पाठ. पश्चात्ताप खरा की खोटा, हे शब्दांवरून ओळखता येत नसेल, तर ज्याने तो केला त्याला तरी कळतं का? मला कळेल का? इथे मी अडकतो. तीन वेळा लिहून खोडलं आणि पुन्हा इथेच आलो.

तारण, म्हणजे आत्म्याची सुटका, गेलं असं कुठे लिहिलेलं नाही, फक्त राजपद गेलं, असंही पाळकसाहेब म्हणाले. बरोबर आहे. पण माणसाचं मन असे कप्पे पाळत नाही. मोठमोठ्यांनाही जमलेलं नाही. हॉलंडात डॉर्ट गावी १६१८-१९ मध्ये प्रॉटेस्टंट विद्वान मंडळी महिनोन्‌महिने बसली आणि ठरवून उठली की देवाने निवडलेला शेवटपर्यंत निसटत नाही. पुढच्या शतकात मेथडिस्ट पंथाचे जॉन वेस्ली म्हणाले, विश्वासातला माणूसही निसटू शकतो. मेथडिस्ट असलेल्या सासऱ्यांना हे सांगायला गेलो की ते चहा मागवतात. डॉर्टवाल्यांचं पुढचं म्हणणं असं, की निसटलेला दिसला तर तो मुळात निवडलेलाच नव्हता. याने कोणाला शांत झोप लागते, देव जाणे.

आणि मी? शिबिरात शेवटच्या रात्री, आयुष्य देवाच्या सेवेला देतो म्हणून, हात वर केला होता. सतरा-अठरा वर्षांची पोरं करतात. फरक एवढाच की माझा हात वर गेला तेव्हा आईला नवल वाटलं नाही. शमुवेलाच्या आईसारखं, हन्नेसारखं, तिने मला आधीच वाहून टाकलं होतं, नावासकट. पुढे बँकेची परीक्षा पास झालो. चुकलो असं मला आजही वाटत नाही. घरी तेव्हा काय परिस्थिती होती ते सगळ्यांना माहीत आहे, आणि दादाबद्दल तर मी इथे लिहिणारच नाही. पण वचन वाचताना आवाज बसतो, त्याचं काय करायचं?

मंडळीत माझ्याकडून पेटी वाजवून घेतात, हिशेब तपासून घेतात, वार्षिक सभेच्या सतरंज्या मोजून घेतात. प्रार्थना करायला मात्र कोणी पुढे बोलावत नाही. रविवारी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत वाजवताना सगळ्यांची डोकी खाली असतात आणि मी भात्यावर हात ठेवून त्यांच्याकडे बघत असतो. सगळी आत, मी दारात. हे वाक्य लिहून बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली, कारण पेटी मीच मागून घेतली होती.

आत्ता उठून पुन्हा तोच अध्याय काढला. नीट वाचला, वाटणी न करता सलग. गोल वाचण्यात हा तोटा असतो, आपलं वचन जवळ आलं की पुढचं-मागचं ऐकू येत नाही.

२६ मध्ये शमुवेल म्हणतो, मी तुझ्याबरोबर येणार नाही. ३१ मध्ये तो जातो.

म्हणजे चक्क जातो. शौलाने झगा धरला, फाडला, लाजेकाजेसाठी गयावया केली, हेतू अगदी हलका होता, आणि एवढा कडक म्हातारा मागे वळून त्याच्याबरोबर गेला. आणि शौलाने उपासना केली. पुढे लगेच अगागचा निकाल लागतो, त्यामुळे या वाक्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. टाकलेल्या माणसाने उपासना केली. स्वीकारली की नाही? लिहिलेलं नाही. आदामाच्या मुलाच्या, काइनाच्या, अर्पणाबद्दल स्पष्ट लिहिलंय की देवाने त्याकडे पाहिलं नाही. इथे काहीच नाही. आणि राजपदही तिथल्या तिथे गेलं नाही. त्यानंतर तो गादीवर राहिला, लढाया केल्या, जेवला, रागावला, भाले फेकले. उत्तरं यायची मात्र बंद झाली. शेवटी गिलबोवाच्या लढाईआधी स्वप्नांतून नाही, उरीमातून, म्हणजे याजकाच्या कौलातून, नाही, संदेष्ट्यांकडूनही नाही, तेव्हा वेष बदलून एन-दोरला भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे गेला.

मधल्या वर्षांत तो उपासनेला जात असेलच ना? राजाला न जाऊन कसं चालेल. काय वाटत असेल तिथे उभं राहून?

शमुवेल रात्रभर देवाकडे रडला होता, हे ११व्या वचनात आहे. निरोप सांगायला जायच्या आदल्या रात्री. पुढेही शोक करत राहिला, इतका की देवाला विचारावं लागलं, किती दिवस करणार? टाकून देण्यावर मी पुष्कळ संदेश ऐकलेत, पण ते सांगताना डोळे सुजलेला वक्ता एकही पाहिलेला नाही. बहुतेकांचा आवाज तिथे चढतो.

आणि दावीद. पोरगा असताना तो शौलाकडे वीणा वाजवायला होता. परमेश्वराचा आत्मा निघून गेलेला माणूस कसा दिसतो, हे त्याने हातभर अंतरावरून पाहिलं होतं. म्हणून पुढे स्वतःवर वेळ आली तेव्हा ५१व्या स्तोत्रात त्याने नेमकं तेच मागितलं, मला समोरून घालवू नको, तुझा आत्मा काढून घेऊ नको. हे आपलं माझं. पाळकसाहेबांना विचारलं तर ते आधी टीकाग्रंथ काढतील. पण मला पटतंय की ते स्तोत्र लिहिणाऱ्याला तोंडपाठ भीती नव्हती, पाहिलेली भीती होती. वाजवणाऱ्या माणसाला बाजूने बरंच दिसतं, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

आमच्यात शमुवेल ढिगाने आहेत. दावीद, योनाथानही कमी नाहीत. शौल मी एकही पाहिला नाही. कोण ठेवेल? पण शेकडो वर्षांनी तार्स शहरात एका बन्यामीनी घरात ठेवलं. गोष्ट त्यांना माहीत नसेल असं शक्यच नाही, त्यांच्याच वंशाचा राजा तो. तरी पोराला शौल म्हणाले. आणि तोच पुढे प्रेषित पौल म्हणून रोमकरांना लिहितो, देवाने आपल्या लोकांना टाकलं का? कदापि नाही, मी स्वतः बन्यामीन वंशातला. आणि तोच करिंथकरांना असंही लिहितो की दुसऱ्यांना सांगता सांगता मीच नापसंत ठरू नये, म्हणून स्वतःला दामटत असतो. एकाच माणसाची दोन पत्रं. म्हणजे त्यालाही कप्पे जमले नव्हते तर.

नावावरून आठवलं. आईला कधीतरी विचारायला हवं की वाहिलेलं पोरगं बँकेत गेलं तेव्हा तू देवाला काय सांगितलंस. तिने आजवर हा विषय काढलेला नाही, आणि मला तेच जास्त लागतं. उद्या फोन करावा म्हणतोय. पण दुपारी ती झोपते, संध्याकाळी तिच्या मालिका लागतात, आणि मध्ये फोन केला तर आधी गुडघ्याचं सगळं ऐकावं लागेल. शनिवारी बघू.