खोडलेली चौदा पानं

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. परत आलेलं पुस्तक आम्ही आधी उलटं धरून झटकतो. एसटीची तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, एकदा तर तेंदूचं अख्खं पान पडलं होतं. त्या शनिवारी नववीतल्या एका मुलीनं कुमार कादंबरी परत केली. झटकली, काही पडलं नाही. उघडली तर समासभर पेन्सिल.

हे पुस्तक मी भांडून घेतलेलं. खरेदीच्या यादीत कुमारांसाठी म्हणून काय येतं? थोरांची चरित्रं, सुविचार, सामान्यज्ञान. तेरा ते सोळा वयाच्या मुलांना स्वतःचं असं आम्ही जवळजवळ काही देत नाही. ही अनुवादित कादंबरी वेगळी होती: कारखान्याच्या अन्यायाविरुद्ध उभी राहणारी पंधरा वर्षांची मुलगी. आणि त्यावर ही रेघोटी! मी चिडलेच. नियमानं अनामतीतून किंमत कापायची. मी तिच्या हातात खोडरबर दिला. "सगळं पुसून दे, दंड नको." आपण सवलत देतोय, असंच मला वाटत होतं.

ती खिडकीशी बसून पुसू लागली. मी दाखल नोंदवहीत नवे क्रमांक चढवत होते. पंधरा-वीस मिनिटांनी सहज तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

पान १५. नायिका सलग तिसऱ्या संध्याकाळी मोर्चाला निघालेली. शेजारी बारीक अक्षरात: 'हिच्या घरी नळ कधी येतो?'

आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा कुणीतरी घरी लागतंच. बहुतेक घरांत ते कुणीतरी म्हणजे मुलगी.

मी पुस्तक तिच्याकडून घेतलं. नायिकेची आई मुलीसोबत फाटकावर बोलते, त्या पानावर: 'दुसऱ्या दिवशी हिची छाट वाढली असणार.' बिडीकामगारांच्या घरात हा शब्द समजवावा लागत नाही. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचं, घरी बिड्या वळायच्या, नेऊन द्यायच्या. तपासणारा नापसंत म्हणून काढून टाकतो ती छाट. तिची मजुरी नाही. हिची आई बिड्या वळते. शेवटच्या पानावर मागण्या मान्य होतात, जल्लोष होतो. तिथे: 'मग सोमवारी काय झालं?'

इतक्या वर्षांत कुमार कादंबरीवरचं इतकं नेमकं टिपण मी वाचलं नव्हतं.

समितीचे एक सदस्य तिथेच पेपर वाचत होते. म्हणाले, "असली आंदोलनाची पुस्तकं देऊच नका मुलांना. अभ्यासाचं वय आहे." हेच गृहस्थ दर १२ जानेवारीला स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर भाषण करतात. १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांपैकी 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवणारे कुर्बान हुसेन ऐन विशीत होते. हे मी त्यांना तोंडावर ऐकवायला हवं होतं. मी गप्प बसले. अजून सलतं.

मुलीला म्हटलं, "थांब गं, पुसू नकोस." ती गोंधळली. "मॅडम, राहिलेलं घरून पुसून आणते. आज पाणी आहे." पुस्तक ठेवून घेतलं तर दंड लागणार, असं तिला वाटलं असावं. नाही म्हणून सांगितलं, पण ती घाईत होती. त्यानंतर ती आलेली नाही. तिचं कार्ड पेटीत पुढेच ठेवलंय.

नोंदवहीच्या शेऱ्यात मी 'खराब' लिहिलं नाही. पुसलेल्या चौदा पानांवर पेन्सिलीचे वळ आहेत. रोज एखादं पान उजेडात तिरकं धरते. अकराव्या पानावर 'आईला विचारलं' इथपर्यंत लागतं, पुढचं लागत नाही.